गिरगावातली मांजर नसबंदी सेवा : चार स्टार, पाचव्याचं टोक कापलंय

आधीच सांगते, ही सेवा म्हणजे दुकान नाही, बोर्ड नाही, पावतीपुस्तक आहे पण ते कधी सापडतं कधी नाही. दोन मुली, एक रिटायर्ड काका आणि तीन पिंजरे, एवढाच कारभार. गिरगावातल्या वाड्यांमधली मोकळी मांजरं पकडायची, परळच्या बाजूला एका क्लिनिकमध्ये ऑपरेशन करून आणायची आणि जिथून उचलली तिथेच परत सोडायची, हे त्यांचं काम. नाव आणि नंबर मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांनीच नको सांगितलंय, कारण नंबर फिरला की लोक रात्री दोन वाजता फोन करून "आमच्या खिडकीत मांजर ओरडतंय, घेऊन जा" म्हणतात. ते घेऊन जात नाहीत. परत सोडतात. हे डोक्यात पक्कं बसवून मगच बोलवा, नाहीतर आमच्या मालकाच्या दिवाणजींसारखं होईल, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मांजरं कायमची जाणार आणि पहिला बोका परत आलेला बघून ते म्हणाले, "मग पैसे कशाचे घेतले?"

आमची वाडी नेहमीची गिरगावातली. बोळातून आत शिरलं की तीन चाळी, मध्ये चौक, बुजवलेल्या विहिरीवर बाकडं, कोपऱ्यात मारुती, तळमजल्यावर एक छापखाना. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हा आमच्या चाळी नुकत्याच बांधून झाल्या असाव्यात असं आमच्या सासूबाई छातीठोकपणे सांगतात, पुरावा विचारला की "मला माहितीये" म्हणतात. मांजरांचंही तसंच. ती कुणी आणली नाहीत, ती होतीच. छापखान्यात कागद म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे मांजर, साधा हिशोब. छापखान्याच्या मालकांना हा विषय काढायची खोटी, की ते १८९६ च्या प्लेगपासून सुरू करतात. त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा कळलं की अमरावतीला बुकॅनन नावाचे इंग्रज सिव्हिल सर्जन होते, त्यांनी १९०८ साली प्लेग रोखायला मांजरं पाळा म्हणून मेडिकल जर्नलमध्ये लेखच लिहिला होता, जिथे मांजरं जास्त तिथे प्लेग कमी असं त्यांचं निरीक्षण. मला वाटलं ते पुड्या सोडतायत, पण शोधलं तर लेख खरंच निघाला. असो, तर मांजरांना छापखान्याचा पाठिंबा पहिल्यापासून होता आणि पुढे पैशाच्या वेळी तोच कामाला आला.

मांजरं वाढली ती गेल्या सहा-सात वर्षांत. मेट्रो ३ च्या कामात इथल्या इमारती गेल्या, मग पुनर्विकासात एकेक वाडी रिकामी व्हायला लागली. माणसं दहिसर, विरार, डोंबिवली, जिथे भाडं परवडेल तिथे गेली. टीव्ही गेला, फ्रीज गेला, देवघर गेलं, मांजरं राहिली. शेजारची इमारत खाली झाली तेव्हा त्यांचा एक पांढरा बोका महिनाभर पत्रे ठोकलेल्या दारासमोर बसायचा, सकाळी साडेसहाला, म्हणजे दुधाच्या वेळेला. नंतर आमच्याकडे आला. त्याच्या मागून आणखी आल्या, त्यात भाट्या, म्हणजे माद्या, जास्त, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. चार-पाच महिन्यांची होते तोवर माजावर येते, दोन महिन्यांत व्यायते, पिल्लं सुटतायत तोवर परत गाभण. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमच्याकडे ती सातही घरं एकाच मजल्यावर होती. मागच्या पावसाळ्यात चार भाट्या एकदम व्यायल्या. त्यातली निम्म्याहून जास्त पिल्लं आठवड्याभरात गेली, उलट्या, जुलाब, मग मान टाकायची, आणि सकाळी कामाला जाताना जिन्याखाली एकेक सापडायचं. नंतर कळलं त्या रोगाला पॅनल्युकोपेनिया म्हणतात, लस असते, पण झाल्यावर पिल्लू वाचवणं फार अवघड. तेव्हा आम्ही काय करत होतो तर गाईचं दूध पाजत होतो, जे मोठ्या मांजरांनाही नीट पचत नाही. दूध आणि मांजर ही जोडी आपण लहानपणापासून ऐकत आलो ना, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग बैठक. चौकात, बाकड्यावर, रात्री साडेनऊला, सिरियल संपल्यावर. दिवाणजींचं म्हणणं सगळी पोत्यात भरून भुलेश्वरच्या पांजरापोळात नेऊन सोडा, चालत दहा मिनिटांवर आहे. पांजरापोळ म्हणजे मुख्यतः गाईगुरांची जागा, तिथे मांजरांचं पोतं कोण उघडून घेणार हा प्रश्न कुणाला पडला नाही. (पांजरापोळाची गोष्टही गंमतशीर आहे. १८३२ साली इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली म्हणून कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, पारशी आणि हिंदूंनी दंगा केला होता, आणि त्यानंतर दोन वर्षांत जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींनी पांजरापोळ उभं केलं. म्हणजे रस्त्यावरच्या जनावरांचं करायचं काय ह्यावर आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षं बैठक चालूच आहे.) दुसऱ्या माळ्यावरचा एक जण, नाव सांगत नाही, विष घालायचं बोलला. तेव्हा आमच्या ह्यांनी मोबाइल काढून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ वाचून दाखवलं, जनावर मारलं किंवा विष घातलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. त्याच्यावर काही फरक नाही. मग तिसऱ्या माळ्यावरच्या आजी कठड्यावरून खाली बघत फक्त एवढंच म्हणाल्या, "मांजर मारलंस तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागेल हो. सोन्याचा भाव बघितलायस?" विषय तिथे संपला.

त्याच बैठकीत कुणाच्या तरी मावसबहिणीकडून ह्या मुलींचा नंबर मिळाला.

आता सेवेबद्दल. फोन केला तर मला वाटलेलं की तारीख देतील, येतील, पकडतील. तसं नाही. ती मुलगी म्हणाली, "ताई, आधी यादी पाठवा. प्रत्येक मांजराचा फोटो, नर की मादी, कुठे जेवतं, कोण घालतं. यादी आल्याशिवाय पिंजरा येणार नाही." मला खरं सांगते राग आला. मांजरं काय रेशनकार्डावर आहेत? पण आता सगळं झाल्यावर सांगते, ह्या सेवेतली सगळ्यात भारी गोष्ट ती यादीच आहे.

कारण झालं काय, वाडीत मांजरं किती असं विचारलं तर जो तो पंचवीस-तीस सांगायचा. दिवाणजी तर चाळीस म्हणाले. आम्ही एक रविवार लावला, मी, सासूबाई आणि वरच्या खोलीतला बारावीतला मुलगा, तीनही चाळींचे सगळे जिने फिरलो, आणि निघाली चौदा. चौदाच! एकच भगवा बोका तळमजल्यावर सोन्या होता, पहिल्या माळ्यावर वाघ्या, तिसऱ्यावर आजी त्याला गणू म्हणायच्या आणि छापखान्यात त्याला मॅनेजर म्हणत. चार ठिकाणी जेवत होता आणि चारही ठिकाणी लोकांना वाटायचं बिचाऱ्याला आमच्याशिवाय कुणी नाही. ह्या बोक्याचं वजन क्लिनिकमध्ये सहा किलो भरलं. एक तिरंगी भाटी होती, तिला अर्धी वाडी बोका समजत होती, त्या मुलीने फोटो बघूनच सांगितलं की काळा, भगवा आणि पांढरा तीनही रंग एका अंगावर असले तर ती जवळपास नेहमी मादीच असते, वर बघून घ्या, पोटुशी वाटतेय. होती. चौदात आठ भाट्या, सहा बोके.

पिंजरा आला तो बुधवारी रात्री. लांबट लोखंडी जाळीचा, एका बाजूने उघडा, आत मध्यावर एक पत्र्याची पट्टी, तिच्यावर पाय पडला की मागचं दार खाली येतं. पट्टीवर वर्तमानपत्राचा कागद घालायचा म्हणजे पायाला गार पत्रा लागून मांजर दचकत नाही. आदल्या रात्रीपासून वाडीत कुणीही काही घालायचं नाही, हे सगळ्यात कठीण, कारण चौदा मांजरांना घालणारी घरं अकरा आणि प्रत्येकाला वाटतं मी थोडंसंच घातलं तर काय होतंय. आमिषाला त्या मुलींनी डब्यातलं काहीतरी परदेशी मासळीचं आणलेलं, त्याच्याकडे एकाही मांजराने बघितलं नाही. गिरगावातली मांजरं ती. सासूबाईंनी सुका बोंबील गॅसवर भाजला, नुसता वास सुटू दिला, चिमूटभर पिंजऱ्याच्या तोंडाशी, थोडा मध्ये आणि मोठा तुकडा पट्टीच्या पलीकडे, आणि म्हणाल्या आता सगळे गॅलरीतून आत व्हा, कुणी बघायचं नाही. दिवे बंद. पंधरा मिनिटं काही नाही. मग खाटकन दार पडलं आणि आत जी काही आदळआपट झाली ती ऐकून माझ्या पोटात गोळा आला, मी धावणार तर ती मुलगी आधीच खाली, हातात जुनी चादर, तिने पिंजऱ्यावर चादर टाकली आणि अक्षरशः दहा सेकंदांत आतला आवाज बंद. अंधार झाला की मांजर गप्प बसतं. मी वीस वर्षं मांजरांमध्ये राहतेय, मला हे माहीत नव्हतं.

पहिल्या रात्री तीन सापडली. सकाळी टॅक्सी. दोन काळ्यापिवळ्यांनी "बिल्ली नहीं ले जाएगा" म्हणून काच वर केली, तिसरा उत्तरेकडचा भला माणूस होता, म्हणाला आमच्या गावात पण खूप आहेत, ठेवा मागे. आणि तीनपैकी एकीचं ऑपरेशन त्या दिवशी झालंच नाही कारण पहाटे साडेपाचला कुणीतरी चादर बाजूला करून जाळीतून तिला दूध पाजलं होतं. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. कोणी पाजलं ते सगळ्यांना माहितीये आणि कोणीच बोलत नाही, कारण त्या पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत.

अशा पाच फेऱ्या झाल्या, देवदिवाळीपासून होळीपर्यंत. तीन, तीन, तीन, दोन, दोन. तेरा झाली.

आता तो स्टार कापल्याची गोष्ट. दुसऱ्या फेरीत आमचा एक काळा-पांढरा बोका होता आणि त्याच दिवशी तीन गल्ल्या पलीकडच्या वाडीतलाही एक काळा-पांढरा बोका होता. दोघेही तसेच, पाठ काळी, छाती पांढरी, पायात मोजे घातल्यासारखे. बोक्यांचं काम सोपं असतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडतात. काका पिंजरा घेऊन आले, चौकात ठेवला, दार उघडलं, बोका बाणासारखा सुटला आणि थेट मारुतीच्या मागे गॅसच्या सिलिंडरांच्या फटीत जाऊन बसला. आम्ही म्हटलं घाबरलाय बिचारा. आजी तिसऱ्या माळ्यावरून बघत होत्या, चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाल्या, "हा आपला नव्हे. आपल्याच्या नाकावर शाईचा डाग आहे." काका म्हणाले आजी, एवढ्या वरून? आजी म्हणाल्या, "मी त्याला रोज वरूनच बघते."

फोनाफोनी झाली. पलीकडच्या वाडीत आमचा बोका एका वाण्याच्या गल्ल्याशेजारी आरामात बसून होता, त्यांना वाटलं ऑपरेशनमुळे शांत झालाय! घोळ क्लिनिकमध्ये झालेला, चिठ्ठी मांजराला नाही तर पिंजऱ्याला बांधलेली, धुवायला पिंजरे काढले आणि मांजरं बदलली. आमच्याला परत आणणं सोपं गेलं, त्याने बांगड्यासाठी कुठेही बसायची तयारी दाखवली. पण त्यांचा इथे सिलिंडरच्या मागे दोन रात्री उपाशी, आणि एकदा पिंजऱ्यातून गेलेलं मांजर परत पिंजऱ्यात शिरत नाही, ते काय मूर्ख आहे? शेवटी तिसऱ्या रात्री भूक जिंकली. त्या मुली दोन्ही रात्री एक वाजेपर्यंत आमच्या बाकड्यावर बसून होत्या, सकाळी ऑफिस असताना, म्हणून त्यांना मी काही बोलले नाही. त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली, आत जाताना आणि बाहेर येताना पिंजऱ्याच्या नंबरसकट तोंडाचा फोटो, आणि तो वाडीच्या ग्रुपवर टाकून "हेच ना?" विचारल्याशिवाय दार उघडत नाहीत. पण मला विचाराल तर हे पहिल्यापासून हवं होतं. आणि खरं म्हणजे फोटोपेक्षा आजी हव्यात. ज्या वाडीत मांजरांना नाकावरच्या डागापर्यंत ओळखणारं कुणी नाही तिथे हे काम कसं होत असेल, मला शंका आहे.

दुसरी तक्रार जरा जास्त गंभीर, आणि बोलवणाऱ्यांनी नीट वाचा. भाट्यांना ऑपरेशननंतर तीन रात्री बंद ठेवावं लागतं, आणि ते काम तुमचं. हे आम्हाला ऑपरेशनच्या दिवशी दुपारी कळलं! दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, त्यात पिंजरा कुठे ठेवू? शेवटी मंडळाची खोली उघडली, जिथे गणपतीचं सामान असतं. तीन रात्री तीन भाट्या जुन्या मखराच्या आणि झांजांच्या पेटीच्या मध्ये होत्या. भूल उतरताना त्या डोलतात, डोळ्यावर आतून पांढरा पडदा आलेला असतो, एखादी उलटी करते, अंग गार पडतं म्हणून खाली गोधडी आणि पंखा बंद. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खायला नाही. कुशीवर केस काढून बोटभर टाका घातलेला, तो लाल होतो का, पाणी येतं का हे सकाळ-संध्याकाळ बघायचं. खाली घातलेले कागद बदलायचे, ते बदलताना दार किती उघडायचं ह्याचं एक तंत्र आहे, आमच्या ह्यांना ते उजव्या हातावर चार ओरखडे आल्यावर जमलं. ओरखडे आले की साबणाने दहा-पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं, इथे शूरपणा नको. आणि कुणीतरी प्रेमाने मांजराला दुखत असेल म्हणून क्रोसिनचा तुकडा देऊ का विचारत होतं, तर नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसुद्धा. हे सगळं एका कागदावर छापून आधी द्यायला काय हरकत होती? आमच्या छापखान्याने आता तो कागद फुकट छापून दिलाय, मराठी आणि गुजरातीत, पुढच्या वाडीला मिळेल.

ऑपरेशनचा दर्जा मात्र उत्तम. तेरापैकी एकीचाही टाका उसवला नाही. त्याच भुलेत रेबीजची लसही दिली, आणि डाव्या कानाचं टोक सरळ कापून आणलं. ह्यावरून वाडीत दोन दिवस चर्चा, कान कापला म्हणजे अपशकुन की काय, एका वहिनींना तर वाटलं क्लिनिकवाल्यांच्या हातून चुकून कापला गेला. ती खूण असते. लांबून कान बघितला की कळतं ह्याचं झालंय, परत पकडून बेशुद्ध करून पोट बघायची गरज नाही. आता पोरांना खेळ झालाय, कुठलंही मांजर दिसलं की आधी कान बघतात.

पैसे. भाटीचे १,५०० आणि बोक्याचे १,००० घेतले, सात भाट्या आणि सहा बोके म्हणजे १६,५००, वर टॅक्सी, बोंबील, कागद धरून एकवीस हजारांच्या आतबाहेर गेले. पिंजऱ्यांचं दोन हजार डिपॉझिट वेगळं, ते परत मिळालं. खाजगी डॉक्टरकडे एका भाटीचे ह्याच्या तिप्पट सांगितले होते. गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून द्यायचे म्हटल्यावर खजिनदार उसळले, बाप्पाचे पैसे मांजरांना? कुणीतरी म्हणालं बाप्पाचं वाहनच उंदीर आहे, मांजरांना कसे देणार, आणि बैठक तिथेच हसण्यावारी गेली. मग वेगळी वर्गणी काढली, कुणी पन्नास, कुणी पाचशे, छापखाना तीन हजार. दिवाणजींनी शंभर दिले, पावती मागितली, आणि तेव्हाच ते पावतीपुस्तक सापडत नव्हतं.

एक गोष्ट त्या काकांनी अशी केली की त्यासाठी वेगळा अर्धा स्टार देते. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे जुने २००१ चे नियम होते ते नावापासूनच कुत्र्यांचे होते, मार्च २०२३ मध्ये नवीन आले त्यांच्या नावात नुसतं प्राणी आहे, आणि त्यात विसावा नियम खायला घालण्याबद्दलचा आहे. काका तो छापून घेऊन आले आणि चौकात वाचला. मला वाटलं आता ते म्हणणार की घालणाऱ्यांना कोणी अडवू नका. तेही म्हणाले, पण त्याच दमात आम्हाला झापलं, कारण त्याच नियमात जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर टाकलीये आणि ती जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि पोरांच्या खेळण्यापासून लांब असावी असं आहे. आम्ही काय करत होतो? बरोब्बर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. आता मारुतीच्या मागे फरशीवर दोन ताटल्या, सकाळी सात आणि रात्री नऊ, अर्ध्या तासाने ताटल्या उचलायच्या, उरलंसुरलं धुऊन टाकायचं. पलीकडच्या कोपऱ्यात वाळूचा एक खोका, तो रोज साफ होतो. रोज का, तर पहिल्या माळ्यावरच्या सुनेला सातवा महिना आहे आणि तिच्या आईने मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या आजाराचं वाचलेलं. डॉक्टरांनी सांगितलं की ते जंतू विष्ठा पडल्यापडल्या लागत नाहीत, त्यांना लागण्याजोगं व्हायला निदान एक दिवस जातो, रोज काढलं आणि तिने स्वतः हात लावला नाही तर काळजी नको. ती पाळी बारावीतल्या मुलाकडे आहे. परीक्षा होती तेव्हाही त्याने सोडली नाही, आईच्या मते अभ्यास टाळायला.

परिणाम काय झाला ते विचाराल. रात्रीचं ते रडणं बंद. खरंच बंद. जिन्याला बोक्यांच्या फवाऱ्याचा जो उग्र वास यायचा तो महिना-दीड महिन्यात विरला, लगेच नाही जात, बोक्यांचा जोर उतरायला वेळ लागतो. पिल्लं होळीनंतर एकही नाही. एप्रिलमध्ये दोन नवीन चेहरे दिसले, पुढची वाडी खाली होतेय तिथले, कान अख्खे. हे होतच राहणार म्हणे, पण जुनी जागेवर असली की नव्यांना सहजासहजी घुसू देत नाहीत, म्हणूनच परत सोडायची असतात. दिवाणजींना हे समजावून झालंय तीनदा.

आणि राहिली चौदावी. करडी, एक डोळा बारीक, आमच्यातली सगळ्यात म्हातारी भाटी, वाडीतली निम्मी मांजरं हिचीच. पाचही फेऱ्यांत हाती लागली नाही. एकदा तर पिंजऱ्याच्या बाजूने पंजा घालून जाळीतून बोंबील ओढून नेला, आत पाय न ठेवता, आणि बाकड्यावर बसून आमच्यासमोर खाल्ला. त्या मुली म्हणतात हिला वरून पडणारी जाळी लावू, म्हणजे वर टेकू दिलेली मोठी पेटी, दोरी हातात धरून कुणीतरी बसायचं आणि ती खाली आली की ओढायची. पुढच्या बुधवारी येतायत. दोरी ओढायला आजींनी नाव दिलंय, तिसऱ्या माळ्यावरून, दोरी तेवढी लांब आणायला सांगितलीये.